सडावाघापूरचा मुक्काम

पाटणचा बाजार मागे टाकून दोघी सडावाघापूरच्या रस्त्याला लागल्या आणि पहिल्याच चढावर क्षमाला कळून चुकलं, की आज आपलं काही खरं नाही. पायांत जीव नव्हता. सायकलचा गिअर सगळ्यात हलक्यावर टाकून झाला होता आणि आता टाकायला काही उरलं नव्हतं. पुढे भार्गवी सीटवरून उठून, डुलत डुलत चढ चढत होती. वळणावर थांबून तिने मागे पाहिलं आणि हाक दिली,

"काकू, श्वास नाकाने घ्या, नाकाने!"

"घेतेय गं बाई," क्षमा म्हणाली. पण ते तिचं तिलाच ऐकू जाईल इतपत.

भार्गवी ही तिच्या धाकट्या दिरांची मुलगी. घरी बसून कॉम्प्युटरवर नोकरी करायची आणि उरलेला सगळा वेळ सायकलला द्यायची. क्षमाला सायकलवर बसवलं तेही तिनेच. सांगलीत सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत, मग हरिपूर, मग मिरज, असं करत वर्षभरात क्षमा चांगली सायकल मारायला लागली होती. चौपन्नाव्या वर्षी बाई सायकल चालवते म्हणून विश्रामबागेतल्या लोकांनी आधी पाहून घेतलं, मग सवयीने पाहणं सोडलं. आणि डिसेंबरात भार्गवीने हा बेत काढला : सांगलीहून कराड, तिथून कोयनानगर, परत पाटणला येऊन हा घाट चढायचा, पठार ओलांडून तारळ्याला उतरायचं आणि साताऱ्यात शेवट. "चार दिवस मज्जा," ती म्हणाली होती.

मजा झाली नव्हती असं नाही. इस्लामपूरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी जीव मेटाकुटीला आणला, ते एक सोडा. पण कोयनेच्या काठाने जाताना सकाळचं धुकं पाण्यावर लोळत होतं, भात काढून झालेल्या शेतांत बगळे उभे होते, आणि क्षमाला मनापासून वाटलं होतं, की आज रात्री तरी.

तिचं दुखणं एवढंच होतं. तिला झोप नव्हती.

तिचे सासरे विष्णुपंत सहा वर्षं अंथरुणावर होते. अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली ती गेलीच. दर दोन तासांनी त्यांना कूस बदलून द्यायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि क्षमाने ते सहा वर्षं केलं. दिवसाही आणि रात्रीही. रात्रीची बाई ठेवून पाहिली. विष्णुपंतांना परक्या बाईचा संकोच वाटायचा. मग क्षमाच. ते गेले तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "सेवा केलीस हो सासऱ्यांची. आजच्या काळात कोण करतं?" यावर कसं हसायचं, मान किती खाली घालायची, हे तिला आता पाठ झालं होतं.

विष्णुपंत जाऊन वर्ष उलटलं. पण तिचा डोळा अजून दोन तासांनी उघडायचा. उघडायचा आणि काही आठवायच्या आत तिचे पाय जमिनीला लागलेले असायचे. मग ती काळोखात उभी राहायची आणि तिला कळायचं, की कुठे जायचं नाहीये. शेजारी तिचा नवरा, म्हणजे निमिषचे बाबा, शांत घोरत असायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्याने डोकं जड झालं, झोप आली नाही. शरीर दमलं तर येईल, या आशेवर ती सायकलला चिकटली. शरीर दमत होतं. भरपूर दमत होतं. कराडजवळ मलकापुरात हायवेकडच्या लॉजवर ट्रकांच्या आवाजाने जाग आली म्हणावं, तर कोयनानगरला पानसुद्धा हलत नव्हतं. तिथला लॉजवाला म्हणाला होता, "रात्री भांडी वाजली तर घाबरू नका मॅडम, इथं जमीन अधूनमधून हलते." भांडी वाजली नाहीत. क्षमा आपली जागीच.

हे तिने भार्गवीला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

घाटाच्या मध्यावर तिने सायकलवरून उतरून ती ढकलायला सुरुवात केली. ढकलणंही सोपं नव्हतं. मागच्या पिशव्यांचं ओझं सायकलला उताराकडे ओढायचं. एका बाजूला दरी, तिच्या तळाशी पाटणची घरं काड्यापेट्यांएवढी, आणि दुसऱ्या बाजूला काळा कातळ. एक जीप तिला वळसा घालून गेली. आतल्या बायका मान वळवून बघत राहिल्या. क्षमाने कपाळावरचा घाम पुसला आणि चालत राहिली. कशासाठी चालतोय याचा विचार तिने कधीच सोडून दिला होता.

वर सड्यावर, म्हणजे पठारावर, पोचल्यावर वारा आला. चारी बाजूंना पिवळं गवत आडवं झालेलं आणि लांबवर पवनचक्क्या, एकामागे एक, सावकाश फिरणाऱ्या. भार्गवी कधीची येऊन एका दगडावर बसली होती.

"काकू, भारी केलंत! आता सगळा सपाट रस्ता. पुढे टपरी आहे म्हणतात. मी जाऊन चहा सांगते, तुम्ही या हळूहळू."

"जा तू. येते मी."

भार्गवी गेली. रस्ता सपाट होता खरा, पण वारा समोरून होता. क्षमा सायकलवर बसली, थोडं गेली आणि उतरली. परत बसली, परत उतरली. रस्त्याच्या कडेला एक कौलारू घर दिसलं, पुढे गडग्याची भिंत, अंगणात म्हैस. तिने सायकल गडग्याला टेकवली आणि तिथल्याच दगडावर बसली. बाटलीतलं पाणी संपलं होतं.

घरातून एक म्हातारी बाहेर आली. उंच, काटक, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला. उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं. तिने क्षमाकडे नीट पाहून घेतलं. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यापर्यंतची विजार, सगळं.

"आजी, पाणी मिळेल का थोडं?" क्षमाने विचारलं.

"देते की. पर आदी वाईच आत या. हात लावाया माणूस पायजे."

"कशाला?"

"आमच्या मालकास्नी कुशीवर करायचंय. येरवी शेजारची दगडाबाई येती, ती पाटणच्या बाजाराला गेलीया. आन् माजा ह्यो हात परवा म्हशीनं वडला. येकटीच्यानं हुईना."

क्षमा हेल्मेटचा पट्टा सोडता सोडता थांबली. तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग तिला दारातून वास आला. फिनेलचा, खोबरेल तेलाचा आणि त्याखाली दुसरा एक, जो कितीही फिनेल टाकलं तरी खालून येतोच. हा वास आंधळी झाली असती तरी तिने ओळखला असता.

नाही, असं तिच्या मनात इतक्या जोरात आलं, की ते तोंडावाटे बाहेर पडलं की काय असं तिला वाटलं. एवढे डोंगर चढून आलो ते यासाठी नाही. "आजी, मी जरा..." ती म्हणाली. म्हातारी उंबऱ्यापाशी वाट बघत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर ना आर्जव होतं ना संकोच. पाण्याची कळशी डोक्यावर चढवायला रस्त्यावरच्या बाईला हात लाव म्हणावं, तसं तिने हे सांगितलं होतं.

क्षमा उठली आणि आत गेली.

सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी लोखंडी खाट होती. खाटेखाली काळी लष्करी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. खाटेवर हाडापेराने मोठा असा म्हातारा उताणा पडला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण मिशा कोरलेल्या. त्याने क्षमाकडे डोळे वटारले.

"ही कोन आनलीस?" शब्द घोळत होते, आवाज मात्र खणखणीत होता. "डोस्क्यावर काय घातलंय तिनं? कंच्या रेजिमेंटची?"

"पाव्हनी हाय. गप पडा," म्हातारी म्हणाली.

"मला नगं वळवू. आत्ताच वळवलंतंस."

"सकाळी वळवलंतं. आता ऊन कुटं आलंय बगा."

"तुज्या बापाला वळीव."

"माजा बाप शाना हुता, पडून न्हाई ऱ्हायला. उबा उबा गेला." आणि क्षमाकडे वळून म्हणाली, "तुमी नगा मनावर घिऊ. तोंड तेवढं ऱ्हायलंय चालतं."

क्षमाने हेल्मेट काढून ट्रंकेवर ठेवलं, हातमोजे काढले. पुढचं तिने केलं नाही, हातांनी केलं. त्याचा पलीकडचा हात छातीवर घेतला, गुडघा वाकवला, खांद्याखाली आणि कमरेखाली हात सारला, आपला गुडघा खाटेच्या कडेला रोवला आणि "चला, नाथाजीराव" असं म्हणून, ट्रंकेवर वाचलेलं नाव घेऊन, त्याला आपल्याकडे वळवलं. म्हातारीने मागून उशी सरकवली. दोन गुडघ्यांमध्ये घडी केलेली वाकळ गेली. पाठ दिसली. माकडहाडापाशी तळहाताएवढी लाल जागा होती आणि मधोमध कातडी सुटलेली.

"ही कधीपासून?" क्षमाने विचारलं.

"हात दुखावला तवापास्नं. आदी न्हवती. येक डाग पडू दिला न्हवता मी."

तेल लावून झालं, चादर ओढून सरळ झाली. म्हातारी तिच्याकडे पाहत होती.

"तुमाला ठावं हाय ह्ये समदं."

"सहा वर्षं केलंय. सासरे होते."

"गेलं?"

"हो. वर्ष झालं."

"सुटला म्हनायचं."

"हो, सुटले बिचारे."

"त्ये न्हवं," म्हातारी म्हणाली. "तुमी."

सांगलीत एवढी माणसं भेटून गेली होती, पण हे कुणी म्हटलं नव्हतं. क्षमा चटकन बाहेर ओसरीवर आली आणि खांबाला धरून उभी राहिली.

म्हातारीचं नाव मनुबाई. तिने तांब्याभर पाणी आणून दिलं, मग गुळाचा चहा. मुलगा यशराज पलटणीत होता, बर्फात कुठेतरी. सून पूजा बाळंतपणाला माहेरी गेली होती. "पयलंच हाय. जा म्हनलं बाई, हितं कोन बगनार तुला," मनुबाई म्हणाली. तीन वर्षांमागे नाथाजींच्या अंगावरनं वारं गेलं. तेव्हापासून असंच.

आतून आरोळी आली. "मने! खिडकी लाव!"

"लावत न्हाई! वारं खावा जरा!"

"कुत्र्याच्या जातीची हाईस!"

"व्हय, म्हनून तर ऱ्हायलीया हितं!"

क्षमाला हसू फुटलं. चहा सांडेपर्यंत हसली ती. मग तिला विष्णुपंत आठवले. विष्णुपंत सज्जन माणूस. सहा वर्षांत एकदा आवाज चढवला नाही. प्रत्येक वेळी कूस बदलली की म्हणायचे, "तुला फार त्रास देतो गं." आणि प्रत्येक वेळी क्षमा म्हणायची, "त्रास कसला, बाबा." भर झोपेतून उठून, कंबर मोडत असताना, तेच. त्यांचं ते म्हणणं आणि आपलं ते उत्तर. कधीकधी तिला वाटायचं, अंग उचलणं परवडलं, हे उत्तर उचलणं जड जातंय. एकदा तरी त्यांनी शिवी दिली असती तर तिलाही चिडता आलं असतं.

"मी जरा पाठ टेकू का इथे?" तिने विचारलं. "पाचच मिनिटं. माझी पुतणी पुढे गेलीये, ती येईल शोधत."

मनुबाईने आतून वाकळ आणून ओसरीवर अंथरली. "टेका की. निवांत पडा. म्या हाय जागी."

म्या हाय जागी. क्षमाने ते ऐकलं, आणि पुढचं काही ऐकलं नाही.

मधल्या वेळात जे झालं ते तिला भार्गवीने नंतर सांगितलं. टपरीवर दोन चहा थंड करून भार्गवी उलट आली, तर गडग्याला सायकल आणि ओसरीवर काकू आडवी. तिचा जीव उडाला. धावत येऊन ती हलवायला गेली, तर मनुबाईने तिचा हात धरला. "हात लावशील तर बग. माणूस निजलंय." भार्गवी म्हणाली, "आजी, आम्हाला साताऱ्याला जायचंय." मनुबाई म्हणाली, "सातारा कुटं पळतोय?" आणि तिला शेंगा निवडायला बसवलं. मधे म्हैस ओरडली, नाथाजींनी दोनदा घर डोक्यावर घेतलं, रस्त्यावरून दुधाची जीप हॉर्न वाजवत गेली. काकू हलली नाही. भार्गवीने दोन वेळा तिच्या नाकापाशी हात धरून पाहिला.

क्षमाला जाग आली तेव्हा ऊन पिवळं होऊन ओसरीच्या पार टोकाला गेलं होतं. पहिलं मनात आलं ते, बाबांना वळवायचं राहिलं! ती ताडकन उठून बसली. मग पवनचक्की दिसली. गवत दिसलं. समोर भार्गवी मांडी घालून बसली होती, मांडीवर घेवड्याच्या शेंगांचं सूप.

"काकू! अहो किती घाबरले मी!"

"किती वेळ झोपले?"

"सकाळपासून! आता संध्याकाळ व्हायला आली. चला, लगेच निघालो तर उजेडात तारळ्याला उतरू. तिथे कुणीतरी ठेवून घेईल. सातारा उद्या सकाळी."

क्षमाने अंगावरची वाकळ बाजूला केली नाही.

"मी नाही येत."

"म्हणजे?"

"मी दमलेय गं."

"उताराचा रस्ता आहे, काकू. पाय मारायलासुद्धा लागत नाही."

"तसं नाही." शब्द कुठले घ्यावेत हे तिला समजेना, कारण हे वाक्य ती कधी बोललीच नव्हती. "मी दमलेय. या घाटाने नाही. आधीपासूनची."

भार्गवी उठली आणि दोन्ही सायकली गडग्यापासून काढून अंगणात आणून लावल्या. पोरगी शहाणी होती.

रात्री घेवड्याची आमटी आणि भाकरी जेवून दोघी सोप्याच्या दुसऱ्या टोकाला झोपल्या. झोपण्याआधी क्षमाने नाथाजींना एकदा वळवायला हात लावला. त्यांनी तिला "हवालदारीण बाई" म्हटलं. "मधे गरज लागली तर उठवा मला," ती मनुबाईला म्हणाली. "बगू," मनुबाई म्हणाली आणि उठवलं नाही. क्षमा सकाळपर्यंत सलग झोपली.

सकाळी मनुबाईचं मनगट सुजून टम्म झालं होतं. रात्रभर तिने कसं निभावलं, तीच जाणे. भाकरी थापताना ती डाव्या हाताने थापत होती आणि भाकऱ्या वाकड्यातिकड्या पडत होत्या. क्षमाने ते पाहिलं. पाठीवरची लाल जागाही पाहिली, ती कालच्यापेक्षा वाढली होती.

भार्गवी अंगणात सायकलला तेल देत होती. हळूच म्हणाली, "काकू, तुम्हाला इथे दोन दिवस राहून यांना मदत करायची असेल, तर मला चालेल. मी थांबते. तुम्हाला येतं ना हे सगळं."

"नाही," क्षमा म्हणाली. फार विचार न करता म्हणाली. म्हटल्यावर तिला स्वतःचीच जरा भीती वाटली, पण तिने ते मागे घेतलं नाही. "मला येतं म्हणून मीच करायचं, असं नको आता. तू जा साताऱ्याला. तुझी सहल पुरी कर."

"आणि तुम्ही?"

"बघते."

भार्गवीला वाटेला लावून ती मोबाईल घेऊन रस्त्याने चालत राहिली. घरात रेंज नव्हती. पहिल्या पवनचक्कीच्या बुडाशी मिळते, असं मनुबाईने सांगितलं होतं. तिथे उभं राहिल्यावर डोक्यावरून पात्याचा प्रत्येक फेरा अंगावर आल्यासारखा ऐकू यायचा. तिने घरी फोन लावला.

"कुठवर आलात?" निमिषचे बाबा म्हणाले. "पोचलात साताऱ्याला?"

"नाही. सडावाघापूरला आहे. अहो, माळ्यावर बाबांची हवेची गादी आहे. ती काढा."

"आत्ता? कशाला?"

"पंप निळ्या पिशवीत आहे, तोही घ्या. गाडीत टाका आणि इकडे या. पाटणवरून वर रस्ता आहे."

"मी? क्षमा, आज इथे माझी मित्रमंडळी यायची आहे दुपारी. तुला माहितेय ना?"

"त्यांना येऊ नका म्हणून सांगा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तू बरी आहेस ना?"

तोंडावर आलेलं 'हो, हो' तिने मागे ढकललं.

"नाही," ती म्हणाली. "या तुम्ही."

निमिषचे बाबा वाईट माणूस नव्हते. विष्णुपंतांच्या आजारपणात डॉक्टर, औषधं, तपासण्या, ही सगळी धावपळ त्यांनीच केली. पण कूस बदलायची वेळ आली की ते खोलीच्या दारात उभे राहायचे, हात मागे बांधून, आणि विचारायचे, "काही हवंय का?" बापाचं उघडं अंग त्यांना बघवत नसे. क्षमा म्हणायची, "नको, झालंच." तिनेही कधी दुसरं काही म्हटलं नव्हतं. आणि सहा वर्षं ती एक पद्धतच पडून गेली.

ते आले तेव्हा दुपार कलायला लागली होती. गाडीतून उतरले ते पांढरेफटक होऊन. "काय रस्ता आहे! काय वळणं! तू हे सायकलने चढलीस?"

"ढकलत," क्षमा म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं नाक उन्हाने सोललं होतं, केसांत गवताची काडी होती. काहीतरी विचारायचं त्यांच्या मनात असावं, पण तेवढ्यात मनुबाई बाहेर आली.

"आलासा? बरं झालं. दादा, ती गादी आना आत. लाईट हाय तवर फुगवून घिऊ. समद्या पवनचक्क्या आमच्या डोस्क्यावर, आन् लाईट जाती ती आमचीच."

ते गादी घेऊन आत गेले. क्षमा ओसरीवर बसली होती. तिने पाय पसरले आणि घेवड्याचं सूप पुढे ओढलं. आतून पंपाची घरघर सुरू झाली. मग मनुबाईचा आवाज : "आता ह्यास्नी उचलून तिच्यावर घ्यायचं. माजा हात न्हाई. तुमी खांद्याखाली धरा."

"मी?"

"मग कोन, म्हस?"

मग हाक आली, "क्षमा, जरा येतेस का?"

तिचे पाय आपोआप जवळ आले, उठायला. तिने ते पुन्हा पसरले. आपण चोरी करतोय असं तिला वाटलं.

"त्यांना विचारा," ती तिथूनच म्हणाली. "त्या सांगतील कसं करायचं ते."

"अगं पण..."

"येतं ते. कुणालाही येतं."

आत खाट करकरली. मनुबाई सांगत होती, गुडघा वाकवा आदी, न्हाई, त्यांचा, तुमचा न्हवं. आणि मग नाथाजींचा आवाज घराच्या कौलांना लागला.

"आरं हळू! पोतं उचलतुयास व्हय? कुनी भरती केला ह्याला?"

"सॉरी, सॉरी," निमिषचे बाबा म्हणत होते. "लागलं का?"

"लागलं! आजून लागू दे! सोडू नगंस आता, धर!"

"धरलंय!"

"खाली ठिव! हळू! ...हां."

क्षमा शेंगा सोलत होती. दाणे सुपात पडत होते, टरफलं मांडीवर. तिला हसायलाही येत होतं आणि रडायलाही. दोन्हींतलं काय आधी येतंय याची वाट न बघता ती पुढची शेंग घ्यायची.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. सदरा पाठीला चिकटला होता, चष्मा हातात. तिच्या शेजारी ओसरीवर बसले आणि दोन्ही हातांचे तळवे गुडघ्यांवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

"जड असतात गं," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे, मला वाटलं होतं त्याहून बरेच." थोडं थांबून म्हणाले, "बाबासुद्धा एवढे...?"

"सुरुवातीला. शेवटी हलके झाले होते."

त्यांनी चष्मा पुसला. पुसून परत पुसला. अंगणातल्या म्हशीने शेपटी झाडली. वारा पडला होता आणि पठारावर गवत सरळ उभं होतं.

"भार्गवी?"

"साताऱ्यात पोचली. जाताना दुधाच्या गाडीवाल्याचा नंबर घेऊन गेली होती, त्याच्याकडे फोन आला होता म्हणे. मिसळ खातेय."

"तुझी सायकल मागच्या सीटवर बसेल, पुढचं चाक काढलं की." ते उठायला लागले. "निघायचं मग? घाट उजेडात उतरलेला बरा."

"थांबा," क्षमा म्हणाली. "त्यांना अजून एकदा कूस बदलून द्यायचीये. मनुबाईंचा हात असा आहे आणि दगडाबाई पाटणहून आज संध्याकाळशिवाय परतत नाहीत. तेवढं करा, मग जाऊ. आणि पूजाच्या माहेरी फोन करून कुणाला पाठवता येईल का, तेही त्यांना विचारून घ्या."

ते परत खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे करून सुपातली एक शेंग उचलली आणि उलट्या बाजूने सोलायला लागले. क्षमाने ते पाहिलं, सांगावं असं तिला वाटलंही. मग तिने पाठ भिंतीला टेकली.

आतून हाक आली, "मने! त्यो नवा रंगरूट गेला का हाय?"

"हाय, हाय," मनुबाई म्हणाली. "शेंगा सोलतोय."